चार दहाचा फोन

बोलत राहू म्हणता? काय बोलू? — नाही, तुमचं बरोबर आहे, माझा चेहरा आखडतो. आमची ही पण तेच म्हणते, फोटो म्हटलं की तुम्ही निकाल ऐकायला उभे राहिल्यासारखे दिसता. रिसीव्हर असाच धरू का जरा खाली? बरं. हनुवटी? हं. म्हणजे मी बोलायचं आणि तुम्ही मध्येच कधीतरी काढणार, मला कळणार नाही, असं ना? चालेल. मुख्याध्यापकाला बोलायला काय लागतं हो, शिक्षक झाल्यापासून सत्तावीस वर्षं तेच करतोय, फक्त समोरचा इतका गप्प बसायची सवय नाही. पत्र बघितलंत ना त्यांचं? 'उपक्रम राबवतानाचा छायाचित्र पाठवावा.' राबवतानाचा छायाचित्र! पण जाऊ दे, पुरस्कार देणाऱ्याच्या व्याकरणाला नावं ठेवू नयेत. तर उपक्रम म्हणजे हाच — फोन. साधा, बोलायचा फोन. शाळा बंद होत्या तेव्हा शिक्षकाने मुलाला फोन लावायचा, मुलाने पलीकडून वाचायचं, आपण अलीकडून ऐकायचं. संपलं. ऐकायला सोपं वाटतं, पण सोप्या गोष्टीच सुचत नाहीत माणसाला — म्हणजे, सुचाव्या लागतात कोणाला तरी.

मागचं लोखंडी कपाट येतंय का फोटोत? मग मी जरा इकडे सरकतो. काही नाही, त्यात टॅब आहेत. साठ. तुम्ही म्हणाल टॅबच घ्या की हातात, फोटो झोकदार येईल — घेतला असता, पण ते सुरू होत नाहीत. कंपनी बंद पडली, आणि कंपनीशिवाय ते टॅब म्हणजे साठ पाट्या, त्याही पेन्सिल न उमटणाऱ्या. त्याचीही एक गंमतच आहे. साथ आली, शाळांना कुलपं लागली, तेव्हा मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. खुर्ची गरम व्हायच्या आत शाळाच रिकामी. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, शिकवणं थांबता कामा नये, काय साधन मिळतं ते बघा. मग मी बघितलं. हे मात्र मी केलंय, यात दुसऱ्या कोणाचा हात नाही — मोठा तक्ता आखला, सतरा रकान्यांचा. चित्र स्पष्ट दिसतं का, आवाज स्वच्छ येतो का, फळा आहे का, गृहपाठ कुठे टाकायचा, आजीआजोबांना समजेल का, सगळं. तीन कंपन्यांची माणसं आली, म्हणजे पडद्यावर आली. पहिल्याच्या साधनात मुलानं बरोबर उत्तर दिलं की कोंबडा आरवायचा. बालवाडीच्या बाई त्या कोंबड्यावर इतक्या खूश की त्यांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. दुसऱ्याचं अगदी साधं होतं. जुन्या फोनवर चालायचं, नेट तुटलं तरी आवाज सुरू राहायचा, दिसायला मात्र रेल्वेच्या वेळापत्रकासारखं. माझ्या तक्त्यात सगळ्यात जास्त गुण त्यालाच पडले होते. आणि तिसरा — तिसऱ्यानं फळा दाखवला नाही, गृहपाठ दाखवला नाही, काही नाही. म्हणाला, सर, आधी तुमचा पडदा बघा. माझा पडदा! मुख्याध्यापकासाठी वेगळा पडदा होता त्यात. प्रत्येक वर्ग म्हणजे एक चौकोन, प्रत्येक मूल म्हणजे एक ठिपका, वर्गात आलं की हिरवा, नाही आलं की लाल. शिक्षकांचेही ठिपके, जरा थोराड. मी तक्ता घडी करून खणात ठेवला.

हसा, हसा. लोक तेव्हाही हसायचे. घरात बसून शाळा चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं आमचे शारीरिक शिक्षणाचे सर तोंडावर म्हणाले मला. म्हटलं असेल, पण माझ्या उंटावरून प्रत्येक शेळी दिसते. त्यांचंच सांगतो ना, त्यांचा तास म्हणजे नुसता करमणुकीचा कार्यक्रम — उडी मारली की सर पडद्याच्या वर निघून जायचे, मुलांना दिसायचे फक्त त्यांचे पाय. विज्ञानाच्या सरांची वेगळीच पंचाईत. मुलं घरातल्या कोणाच्याही फोनवरून यायची, त्यामुळे पडद्यावर मुलाचं नाव नाही, फोनमधलं नाव. पाचवीच्या वर्गात चार 'आई' होत्या, एक 'दुकान', एक 'मामा जुना नंबर'. सर आपले गंभीरपणे विचारायचे — मामा जुना नंबर, पानं हिरवी का असतात? आणि मामा जुना नंबर उत्तर द्यायचा. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना संस्थेनं टॅब दिले, त्यांचे पासवर्ड मुलं विसरली, पालक विसरले, शेवटी मी वर्गवार यादी करून इथे भिंतीवर लावली, पण शाळा बंद, यादी वाचणार कोण? तर असं सगळं. पण ठिपके हिरवे होते. सकाळी चहा घेऊन बसलो की मी आधी ते बघायचो, ऐंशी टक्के, पंच्याऐंशी टक्के, असं बरं वाटायचं की काय सांगू. ठिपका हिरवा म्हणजे मूल समोर आहे, आणि समोर आहे म्हणजे शिकतंय, असं मी धरून चाललो. आता काही धरल्याशिवाय मुख्याध्यापकाला चालता येतं का? नाही येत.

एकच मोठा ठिपका लाल. रोज. पाचवीच्या भाषेच्या बाईंचा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं त्यांच्या, तशा शिस्तीच्या, कधी उशीर नाही, कधी रजा नाही. प्रशिक्षणाला आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, पासवर्ड सुवाच्य अक्षरात लिहून घेतला आणि त्यानंतर एकदाही आत आल्या नाहीत. मी फोन केला. त्या म्हणाल्या, सर, बत्तीस जण एकदम आले की मला कोणाचंच वाचन ऐकू येत नाही, म्हणून मी एकेकाला फोन करते. म्हटलं, कसला फोन? तर त्यांचा तो बटणांचा, आकडे पुसट झालेला. रोज बत्तीस मुलं, प्रत्येकाला सात मिनिटं. हिशेब करा — पावणेचार तास कानाला फोन. ज्यांच्या घरचा फोन बाप कामावर घेऊन जायचा त्यांना त्या संध्याकाळी करायच्या, ज्यांच्याकडे नव्हताच त्यांना शेजारच्यांकडे. मी समजावलं. बाई, तुम्ही करताय ते चांगलं आहे पण ते कुठे दिसत नाही. त्या म्हणाल्या, मला ऐकू येतं ना. आता याला काय म्हणायचं? मी मेमो दिला. मग दुसरा दिला. दोन्हींना उत्तर आलं, हाताने लिहिलेलं, एकही खाडाखोड नाही. चौऱ्याहत्तर दिवस तो ठिपका लाल. तुम्ही माझ्या जागी असतात तर — नाही, तुम्ही फोटोग्राफर, तुमचं काम दिसण्याचंच, तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय.

इकडे बघू ना? खिडकीकडे? बरं. — आमची धाकटी त्याच वर्गात होती. हो, माझ्याच शाळेत, दुसरीकडे कुठे घालणार. ती जरा अडखळते. अडखळायची. पहिल्या अक्षरावरच गाडी अडायची, मग मान हलायची, डोळे मिटायचे. मी कधी रागावलो नाही हं तिला त्यावरून, चुकूनसुद्धा नाही. घाई करू नकोस, सावकाश बोल, श्वास घे, मी थांबलोय — एवढंच सांगायचो. ऑनलाइन सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एका सरांनी तिला उभं राहून, म्हणजे उभं कसलं, कॅमेरा लावून वाचायला सांगितलं. एकतीस चौकोन बघतायत, आणि ही पहिल्या शब्दावर. दुसऱ्या दिवसापासून तिचा कॅमेरा बंद, माइक बंद. पण ठिपका हिरवा. मुख्याध्यापकाची मुलगी, वर्षभरात एक दिवस लाल झाली नाही. शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र दिलं मी तिला, माझ्या सहीचं. तिनं ते कुठे ठेवलं कोण जाणे.

मी आतल्या खोलीत असायचो, कानाला हेडफोन, समोर पडदा. बाहेर जायच्या दारापाशी आमचा जुना फोन आहे, वायरचा, कोणी वापरत नाही, पण काढूनही टाकला नाही. तो रोज दुपारी वाजायचा. चार वाजून दहा मिनिटांनी. मी एकदा हिला विचारलं, रोज या वेळेला कोण? ती म्हणाली, माझी बहीण. आता मेव्हणीला रोज काय सांगायचं असतं ते विचारण्याइतका मी खुळा नाही. सोडून दिलं.

मग सुनावणी झाली. म्हणजे सुनावणी कसली, तीन माणसं — अध्यक्ष, सचिव आणि मी. मुखपट्ट्या लावून याच टेबलाच्या तीन बाजूंना, बाई चौथ्या बाजूला, दार उघडं. मी पडदा फिरवून दाखवला, चौऱ्याहत्तर दिवस, शून्य लॉगिन. अध्यक्षांनी विचारलं, बाई, तुमचं काय म्हणणं? बाईंनी पिशवीतून एक लांब वही काढली, दुरेघी, पुठ्ठ्याच्या कडा झिजलेली, आणि टेबलावर सरकवली. म्हणाल्या, "माझी हजेरी यात आहे." बस, एवढंच. अध्यक्षांचा चष्मा गाडीत राहिला होता, त्यांनी ती माझ्याकडे ढकलली. मी पानं उलटली. प्रत्येक मुलाचं एक पान, वर नंबर, खाली तारीख, वेळ आणि एकेक ओळ. 'आज जोडाक्षरांना घाबरला नाही.' 'घरात भांडण चालू होतं, वाचन नाही, मीच गोष्ट सांगितली.' 'आजी पण ऐकायला बसते, आजीला शेवट हवा असतो.' मामा जुना नंबरचंही पान होतं, त्याचं खरं नाव मला तिथे कळलं. पुढचं पान उलटलं तर वर नंबर — ओळखीचा वाटला. कुठेतरी बघितलाय, कुठेतरी बघितलाय — अहो, माझ्याच घरचा. वेळ, चार दहा. रोज, एकही खाडा नाही. पहिले दहा-बारा दिवस नुसतं 'हो, नाही' लिहिलेलं. मग 'दोन वाक्यं'. मग 'आज हसली'. मग एका दिवशी — तारीख सुद्धा आठवते मला — 'आज स्वतःचं पूर्ण नाव न थांबता सांगितलं. मी काही बोलले नाही, पुढचं पान उघड म्हटलं.'

अध्यक्ष म्हणाले, काय आहे त्यात?

मी पान उलटलं. म्हटलं, खासगी फोन आहेत साहेब, नोंदणीकृत काही नाही.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मुखपट्टीमुळे चेहरा दिसत नव्हता, डोळे तेवढे. त्यांना काय, एक वाक्य बोलायचा अवकाश होता — विचारा सरांना, त्यांची मुलगी काय वाचते ते. त्याच वाक्यावर अख्खी सुनावणी उलटी झाली असती, आणि तोंड लपवायला मला जागा उरली नसती. बोलल्या नाहीत. मला आधी वाटलं, घाबरल्या. मग वाटलं, विसरल्या. अजून मी काहीतरी वाटूनच घेतोय. सही तिघांची होती, माझी एकट्याची नाही, हे मी स्पष्ट सांगतो. दीड वर्ष आधी, स्वेच्छेनं निवृत्त. 'स्वेच्छेनं' हा शब्द सचिवांनी सुचवला. वही कार्यालयात जमा करून घेतली, पुरावा म्हणून. त्या दिवशी घरी गेलो, आत बसलो, आणि चार दहाला फोन वाजला. नोकरी गेली त्याच दिवशी, हं. मी एका कानावरचा हेडफोन उचलला. दारापलीकडून काही नीट ऐकू येईना. परत लावला. हिला मी महिनाभरानं बोललो, तुझ्या बहिणीचं काय गं? ही म्हणाली, तुम्ही त्यांना मेमो देत होतात, मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि बहीणच म्हणायची मी त्यांना, खोटं नाही बोलले. — घ्या.

हात दुखायला लागला, कान बदलू? — हां, असं. तर पुढं शाळा उघडल्या. वरून एक अधिकारी आल्या वाचन तपासायला. प्रत्येक वर्गातली दहा मुलं घ्यायच्या, एक पान मोठ्यानं वाचायला लावायच्या. तिसरीची मुलं अक्षरं विसरलेली, चौथीची ओळ सोडून वाचणारी, हिरवे ठिपके सगळे! आणि तेव्हाची पाचवी, आता सहावीत आलेली — ती मुलं वाचायला लागली तर त्या अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. दहा झाली, आणखी दहा बोलवा म्हणाल्या. कसं काय हो सर, यांचं काय वेगळं केलंत? मी — आता कावळा बसायला आणि फांदी तुटायला — मी म्हटलं, आमचा एक उपक्रम आहे. तोंडातून गेलं. ते खोटं होतं का? नव्हतं. शाळा आमची, मुलं आमची, बाई आमच्या शाळेच्या. होत्या. अधिकारी म्हणाल्या, लिहून पाठवा. त्याचा अर्ज आला, अर्जात रकाने होते, आणि रकाना रिकामा दिसला की माझा हात थांबत नाही, तो स्वभावच. उपक्रमाचे नाव — दूरध्वनी वाचन प्रकल्प. पुरावा — वही. संकल्पना व मार्गदर्शन — तिथे बाईंचं नाव लिहिलं असतं, पण त्या सेवेत नाहीत, का नाहीत असा प्रश्न आला असता, त्याचं उत्तर म्हणजे सुनावणीची कागदपत्रं, म्हणजे पुरस्कार बाजूला आणि चौकशीच. संस्थेच्या दृष्टीनं विचार केला तर मुख्याध्यापक लिहिणंच बरोबर होतं. संस्थेच्या दृष्टीनं.

पण शेवटी एक रकाना होता, सहभागी शिक्षिकेची सही. तिथे अडलं. गेलो मग बाईंच्या घरी, गेल्या आठवड्यात, दुपारचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय — प्रकृती कशी, निवृत्ती मानवली का, अशी सुरुवात ठरवून गेलो होतो. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीपाशी एक खुर्ची, एक स्टूल, स्टुलावर तोच फोन. दार उघडलं त्यांनी, आश्चर्य नाही, काही नाही, म्हणाल्या, "बसा सर, सात मिनिटं." आणि फोन लावला. कान आता कमी झालेत त्यांचे, म्हणून आवाज मोठा ठेवतात, खोलीभर ऐकू येत होतं. एक मुलगी वाचत होती. कुठल्यातरी म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट, नदीला पूल होतो आणि याच्या नावेत बसायला कोणी येत नाही, अशी काहीतरी. काय वाचत होती हो! नावाड्याच्या तोंडचं जड आवाजात, पुलावरून जाणाऱ्यांचं भरभर, मध्ये एकदा नावाडी पाण्याकडे बघतो तिथे थांबली, नेमकी जितकं थांबावं तितकं. मी सत्तावीस वर्षं मुलांचं वाचन ऐकतोय, सवयीनं मनातल्या मनात गुण दिले. दहापैकी नऊ. म्हटलं, कोणाची आहे ही, आपल्या शाळेत असती तर स्पर्धेला पाठवली असती. आणि फोनमध्ये मागून कुणा बाईचा आवाज आला, दूध गार होतंय गं. — तो आवाज मी ओळखला. आमच्या हिचा. आधी बायकोचा आवाज ओळखला मी, आणि मग मुलीचा. मुलीचा ओळखायला आधी ऐकलेला हवा ना.

बाईंनी फोन ठेवला. मला वाटलं आता काही बोलतील. म्हणाल्या, अडायची तिथे आता श्वास घेते, ती जागा तिची तिनं शोधली. बस. मग मी अर्ज काढला. काय करणार, त्याचसाठी गेलो होतो. त्यांनी चष्मा लावला, सगळा वाचला, संकल्पना व मार्गदर्शन हाही रकाना वाचला, सावकाश, बोट फिरवत. मी खिडकीबाहेर बघत होतो. मग पेन मागितलं, सुरुवातीच्या पानावर गेल्या, मी घाईत 'दुरध्वनी' लिहिलं होतं, ऱ्हस्व, ते दीर्घ केलं — आणि सही केली. शाळेचा मुख्याध्यापक मी, आणि 'दूर' ऱ्हस्व. म्हटलं, बाई, कार्यक्रमाला या, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो. नको म्हणाल्या, त्या वेळेला फोन असतात. वही तेवढी परत मागितली, मुलांच्या खुणा आहेत त्यात म्हणाल्या. मी सांगितलं, पुरावा म्हणून आधीच वर गेली. — ती या खणात आहे. छायांकित प्रती गेल्या वर. नाही नाही, ती नका घेऊ फोटोत, अक्षर कोणाचं ते कोणीही ओळखेल. देणार आहे मी ती, कार्यक्रम एकदा होऊ दे. निघताना दारात म्हणाल्या, "सर, चार दहाला घरी असलात तर एखाद दिवस तुम्हीच ऐका. तिला कोणीतरी नवीन ऐकणारं हवंय आता."

म्हणून काल लवकर गेलो. साडेतीनलाच. ही चकित, बरं वाटत नाही का म्हणाली. धाकटी सातवीत आहे आता, उंच झालीय, मला वाटलं होतं त्याहून बरीच. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, ती समोर. म्हटलं, आज मी ऐकतो, वाच, काय ते नावाड्याचं. तिनं हिच्याकडे बघितलं, मग पुस्तक उघडलं. पहिला शब्द होता 'पलीकडे'. प — आणि तिथेच. प, प. मान हलली, डोळे मिटले, सगळं पूर्वीसारखं. खरंच सांगतो, घाई करू नकोस, श्वास घे, यातलं एक अक्षर नाही काढलं तोंडातून, नुसता बसून राहिलो, हे असं, पुढे झुकून. तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता."

मी म्हटलं, मग बाई कुठे बघतात?

तर म्हणाली, "बाईंना दिसतच नाही."

आणि तेवढ्यात बाहेर फोन वाजला, ती उठून गेली. वायर लांबवून दाराच्या पलीकडे बसते ती, जमिनीवर, पाठ भिंतीला. आतून ऐकू येत होतं मला. 'पलीकडे' सुद्धा आलं, पहिल्या झटक्यात. मी टेबलाशीच बसून होतो, दूध गार होत होतं. सतरा रकाने होते हो माझ्या तक्त्यात. चित्र स्पष्ट दिसतं का, हा पहिलाच. पहिलाच रकाना.

काय म्हणालात? — मी? इथून? आता रिसीव्हर हातातच आहे म्हणून मुख्याध्यापकानं कार्यालयातून स्वतःच्या घरी फोन लावायचा आणि सांगायचं काय, वाच म्हणून? तिनं विचारलं कोण, तर काय सांगू? नंबर पाठ आहे की, नसायला काय झालं, त्या वहीत बघून तर — थांबा. काढलात तुम्ही? आत्ता? — नाही, हा नको. पुसून टाका तो. मला दाखवू नका, नुसता पुसा. आधीचे असतील त्यातला कुठलाही पाठवा, डोळे उघडे असले म्हणजे झालं. आवरा आता तुमचं. जाताना दार ओढून घ्या, आणि बाहेर शिपाई असेल त्याला सांगा, इतक्यात कोणाला आत सोडू नको.